रात्री दहाच्या आत

बंगळूर शहराच्या पश्चिम अंगास राजाजीनगर नावाचे उपनगर आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते वसविले गेले आणि चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव त्यास मिळाले. कारखाना आणि कामगाराचे घर एकमेकांपासून फार दूर असू नयेत, या त्या काळच्या कल्पनेतून हे औद्योगिक उपनगर आकारास आले. १९१६ साली सुरू झालेला चंदनी साबणाचा प्रसिद्ध सरकारी कारखाना १९५७ मध्ये येथे हलविण्यात आला. मराठी मनाला अधिक जवळचे वाटेल असे एक नावही या परिसराशी निगडित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवि किर्लोस्कर यांनी १९४६ साली बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी काढली. विजेच्या मोटारी बनविणारा तिचा कारखाना याच भागात अनेक दशके धडधडत होता. पुढे त्या जमिनीवर निवासी मनोरे, कार्यालये, हॉटेल आणि एक भव्य व्यापारी संकुल उभे राहिले. यंत्रांचा आवाज गेला आणि मनोरंजनाची गर्दी आली.

अशा उपनगरातल्या एखाद्या सभागृहाने एका संध्याकाळी पाच वाद्यवृंद बोलवावेत आणि त्यांनी ‘एक्स्ट्रीम मेटल’ या नावाने ओळखले जाणारे टोकाचे संगीत वाजवावे, ही गोष्ट बंगळुरात आता नवलाची राहिलेली नाही. हे संगीत ज्यांनी कधी ऐकले नाही त्यांना त्याची कल्पना शब्दांनी देणे कठीण आहे. विजेच्या गिटारीचा स्वर मुद्दाम फाडलेला असतो. तिच्या तारा नेहमीपेक्षा सैल करून स्वर खर्जाकडे नेलेला असतो. ढोल-झांजांचा वेग मिनिटाला दोनशे मात्रांच्याही पलीकडे जातो, आणि गायक गातो असे म्हणण्यापेक्षा गुरगुरतो किंवा किंचाळतो असे म्हणणेच अधिक योग्य. पहिल्या श्रवणी हा सारा गोंगाट वाटतो. परंतु हा गोंगाट मोजूनमापून केलेला असतो. एका क्षणात पाचही जण थांबतात व एकाच क्षणात पुन्हा सुरू होतात. ती शिस्त महिनोन्महिन्यांच्या तालमीवाचून येत नाही. ती गुरगुरही कमावलेली असते. गळ्यावर नुसता जोर देणाऱ्याचा आवाज चार दिवसांत बसतो, म्हणून ती करणारा श्वासाचा आणि कंठाचा अभ्यास करतो. एवढे ऐकूनही ज्यांना हे संगीत नकोसे वाटेल त्यांना दोष देता येणार नाही. मात्र पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशांच्या पथकामागे आनंदाने उभा राहणारा माणूस निव्वळ आवाजाच्या कारणावरून नाक मुरडू लागला, तर त्याला थोडे थांबवावे लागेल.

या संगीताचा जन्म कारखान्यांच्या शेजारी झाला, असे सांगण्याचा प्रघात आहे, आणि त्यात तथ्यही आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे लोखंड-पत्र्याच्या कामांचे शहर. तेथील ॲस्टन वस्तीतला टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा तरुण १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असता त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारीच्या तारा दाबण्याचा त्याचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांवर टोपणे बसविली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे त्या सैल करून वाजविण्यास आरंभ केला. त्यातून जो जड, काळोखा स्वर निघाला तो ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या वृंदाने १९७० च्या फेब्रुवारीत आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतून जगासमोर ठेवला. पुढच्या वीस वर्षांत त्या स्वराला निरनिराळ्या देशांत फाटे फुटले. इंग्लंडच्याच ‘व्हेनम’ने १९८२ साली ‘ब्लॅक मेटल’ ही मुद्रिका काढली व एका शाखेला नाव मिळाले. १९८७ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या ‘डेथ’ या वृंदाची पहिली मुद्रिका आली. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या परिसरातल्या ‘नेपाम डेथ’ने वेगाची अशी परिसीमा गाठली की त्यांचे एक गाणे दीड सेकंदही टिकत नाही. नॉर्वेत १९९० नंतर या संगीताशी संबंधित काही तरुणांनी जुनी लाकडी चर्चे जाळली, खूनही झाले, आणि सबंध जगात या संगीताच्या नावावर काळा डाग पडला. ते गुन्हे होते आणि न्यायालयांनी त्यांना गुन्हे म्हणूनच शिक्षा दिल्या. बंगळुरातल्या एखाद्या सभागृहात काळे सदरे घालून जमलेल्या मुलांकडे त्या आगीच्या उजेडात पाहण्याचे काही कारण नाही.

बंगळुरातही कारखाने होते. १९४० साली विमानांचा, १९४८ मध्ये टेलिफोनचा, १९५३ मध्ये यंत्रसामग्रीचा आणि १९५४ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा असे मोठे उद्योग तेथे उभे राहिले. तेव्हा बर्मिंगहॅम आणि बंगळूर यांची जोडी लावण्याचा मोह सहज होतो. तो आवरलेला बरा. बंगळूरचे मेटल कारखान्याच्या पाळीतून आलेले नाही. ते अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून आणि मागाहून संगणकाच्या कार्यालयांतून आले. लष्करी छावणीमुळे पाश्चात्त्य संगीताची सवय या शहराला जुनीच होती. त्यात शहराच्या हवेने आणि देशभरातून शिक्षणासाठी येणाऱ्या तरुणांनी भर घातली.

१९९० च्या आसपास या संगीताची मुद्रिका भारतात दुकानात सहसा मिळत नसे. परदेशी गेलेला कोणी नातलग एखादी कॅसेट आणी, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा प्रती निघत, आणि दहाव्या प्रतीत मूळच्या गोंगाटात फितीचा खरखराटही मिसळून जाई. उपग्रह दूरचित्रवाणी १९९१ मध्ये आली. १९९३ साली अलाहाबादहून, म्हणजे ज्या शहराकडून कोणी अशी अपेक्षा केली नसती तेथून, ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक निघू लागले आणि वेगवेगळ्या शहरांतल्या या एकांड्या शिलेदारांना एकमेकांची नावे कळली. त्याच दशकाच्या आरंभी बंगळुरात ‘डाइंग एम्ब्रेस’ हा वृंद उभा राहिला. भारतातल्या टोकाच्या मेटल वृंदांत त्याची गणना पहिल्या काहींत होते. १९९८ मध्ये ‘क्रिप्टोस’ची स्थापना झाली. त्यांचे संगीत तितके टोकाचे नाही, परंतु २०१३ साली जर्मनीतील वाकेन गावच्या सुप्रसिद्ध महोत्सवात वाजविण्याचा मान त्यांना मिळाला. मुंबईत २००० साली ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ आणि २००३ साली ‘भयानक मौत’ हे वृंद निघाले. पहिल्याने पुढे २०१७ मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर ‘दशावतार’ नावाची मुद्रिका काढली, हे कोकणातल्या श्रोत्यांना विशेष वाटेल. बंगळूरच्या ‘द्वेष’ या वृंदाने तर इंग्रजी सोडून कन्नडचा आश्रय केला. त्यांची ‘स्तूप’ ही मुद्रिका २०१४ साली एका जर्मन प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. डेथ मेटलची गुरगुर कन्नडात कशी वाटेल, याचे उत्तर जर्मनीतल्या श्रोत्याला बहुतेक कन्नडिगांच्या आधी मिळाले.

येथपर्यंतची हकीगत अभिरुचीची आहे. परंतु बंगळूरच्या मेटलचा इतिहास खरोखर लिहावयाचा तर तो जागांचा आणि घड्याळाचा इतिहास म्हणून लिहिला पाहिजे.

सर्वांत मोठी जागा म्हणजे म्हैसूरच्या राजघराण्याच्या बंगळूर राजवाड्याचे मैदान. १९९६ मध्ये राज्याने ते संपादन करण्याचा कायदा केला आणि त्याची मालकी दीर्घकाळ न्यायालयात अडकून पडली. तेवढ्या अवधीत ते देशातल्या रॉक संगीताचे मुख्य अंगण बनले. १७ मार्च २००७ रोजी ‘आयर्न मेडन’ हा इंग्रज वृंद तेथे वाजवून गेला. जगाच्या पहिल्या प्रतीच्या मेटल वृंदाने पूर्ण भरात असताना भारतात येण्याचा तो प्रसंग पुष्कळांच्या स्मरणात आहे. पुढच्याच वर्षी ‘मेगाडेथ’ आला. २०११ च्या ऑक्टोबरात ‘मेटॅलिका’चे दोन कार्यक्रम ठरले होते. २८ तारखेचा गुडगावचा कार्यक्रम रंगमंचापुढील कठडा सदोष निघाल्याने रद्द झाला आणि चिडलेल्या जमावाने मोडतोड केली. दोन दिवसांनी, ३० तारखेस, तोच वृंद, तीच गाणी आणि दिल्लीहून धावत आलेले कित्येक तेच श्रोते बंगळुरात होते, आणि कार्यक्रम निर्विघ्न पार पडला. संगीताने माणूस हिंसक होतो की ढिसाळ व्यवस्थेने, या वादात हे दोन दिवस पुराव्यादाखल कोणीही मांडावेत. २०१२ पासून ‘बंगलोर ओपन एअर’ हा खास मेटलचा महोत्सव सुरू झाला आणि पहिल्या वर्षी जर्मनीचा ‘क्रिएटर’ वृंद त्यात वाजला.

परंतु मैदानावरचे पाहुणे वर्षातून एकदा येतात. एखाद्या शहराचे संगीत जगते ते लहान जागांवर, दोनशे माणसांच्या खोलीवर. आणि या लहान जागांवर बंगळुरात एका शब्दाने संकट आणले. तो शब्द म्हणजे ‘लाइव्ह बँड’.

सामान्य भाषेत लाइव्ह बँड म्हणजे समोर प्रत्यक्ष वाजविणारा वाद्यवृंद. परंतु बंगळूरच्या पोलिसी व्यवहारात या शब्दाला निराळा अर्थ चिकटला होता. ज्या मद्यगृहांत गिऱ्हाइकांपुढे स्त्रिया गात वा नाचत, त्यांना तेथे ‘लाइव्ह बँड’ म्हणत. मुंबईत ज्यांना डान्स बार म्हणत, त्यांचे हे भावंड. अशा ठिकाणांना आळा घालण्यासाठी कर्नाटक पोलीस कायद्याखाली २००५ साली एक आदेश निघाला आणि कॅबरे, डिस्कोथेक व लाइव्ह बँड ही तिन्ही परवान्याच्या कक्षेत आली. मद्यगृहांच्या संघटनेने त्याविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २५ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयाने आदेश वैध ठरविला. तेरा वर्षे वादात अडकलेला आदेश आता पूर्ण ताकदीने लागू झाला. त्याच वर्षी पोलिसांनी परवाना नसलेल्या उपाहारगृहांना प्रत्यक्ष संगीत बंद करण्यास सांगितले. परवान्यासाठी अग्निशामक दलाचा दाखला हवा, इमारतीचा भोगवटा दाखला हवा. बंगळुरात कितीतरी इमारतींना तो दाखला मिळालेलाच नसतो. तेव्हा गिटार घेऊन एकटा बसणारा गायक, जॅझ वाजविणारे त्रिकूट आणि मेटलचा वृंद असे सगळे एकाच जाळ्यात सापडले. जाळे टाकले होते दुसऱ्याच माशासाठी. आगीपासून सुरक्षितता मागणे चूक नाही, किंबहुना माणसांनी गच्च भरलेल्या बंद खोलीत ती मागितलीच पाहिजे. परंतु एका शब्दाची व्याख्या सैल राहिली तर तिच्या तोंडी कोण कोण जाते, हे आदेशाचा मसुदा लिहिणाऱ्यास कित्येकदा आधी दिसत नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. केंद्र सरकारने १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषणाचे नियम जारी केले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचे शंभर मीटर क्षेत्र शांततेचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जुलैत दिलेल्या निर्णयाने या नियमांना धार आली. हे नियम का झाले, याची आठवण ठेवली पाहिजे. आजारी माणूस, परीक्षेला बसलेला मुलगा आणि पहाटेच्या पाळीचा कामगार यांना झोपेचा हक्क आहे, आणि संघटित गर्दीपुढे या एकट्या माणसाचे कोणी ऐकत नसे.

या नियमाचा पहिला तडाखा महाराष्ट्रात ज्यांना बसला त्यांत मेटलवाले होते तसे ख्यालवालेही होते. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ भरत असे. शेजारी महाविद्यालय आणि रुग्णालय असल्याने ते खुले नाट्यगृह शांतताक्षेत्रात आले, आणि मुंबईच्या रॉकची ती पंढरी ओस पडली. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भरणारा महोत्सव रात्रभर चाले. मंडपात पहाट होई आणि पहाटेचा राग पहाटेसच ऐकावयास मिळे. नियम लागू झाल्यावर ती रात्रभरची सत्रे गेली. वर्षातील पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा सरकारला पुढे मिळाली. परंतु ती सांस्कृतिक अथवा धार्मिक उत्सवांसाठी, आणि तिचे दिवस सरकार ठरविते. गणेशोत्सवाला ती मिळते, एखाददुसऱ्या मोठ्या संगीतसमारोहाला मिळते. पाच अनोळखी वृंदांच्या रात्रीसाठी ती कोणी मागावयास गेल्यास काय उत्तर येईल, हे सांगावयास नको.

बंदिस्त सभागृहाला मात्र नियमात वाट आहे. आतल्या आत ऐकू येणाऱ्या आवाजास दहाचे बंधन नाही. केवळ हद्दीबाहेर आवाज ठरलेल्या मापापलीकडे जाता कामा नये. येथे विज्ञान आडवे येते. वरच्या पट्टीचा स्वर भिंत अडविते. खर्जाचा स्वर भिंतीतून आरपार जातो, आणि मेटलचा सारा भार खर्जावर. त्यातही गंमत अशी की नियमात सांगितलेले माप माणसाच्या कानाच्या बेताने ठरविलेले असल्यामुळे ते खर्जाला कमी मोजते. निरीक्षकाच्या हातातील यंत्र मर्यादेत असल्याचे दाखविते आणि शेजारच्या घरातील खिडकीची तावदाने थरथरत असतात. मग तक्रार येते, आणि ती तक्रार खोटी नसते. आतल्या श्रोत्याचाही विचार केला पाहिजे. कारखान्यांच्या नियमांप्रमाणे कामगाराला ९० डेसिबलच्या आवाजात आठ तास, १०० डेसिबलमध्ये दोन तास आणि १०५ मध्ये केवळ एक तास राहता येते. मेटलच्या सभागृहात शंभराच्या वर काटा जाणे ही नित्याची गोष्ट आहे. म्हणजे किर्लोस्करांच्या कारखान्यात जो आवाज कामगाराला दिवसभर सोसू दिला नसता, त्याहून मोठा आवाज त्याच परिसरात तरुण मंडळी पैसे मोजून ऐकतात. जाणते श्रोते कानांत बोळे घालतात. सर्वांनी घालावेत.

भिंती ध्वनिरोधक करण्याचा खर्च लहान जागेच्या मालकाला झेपत नाही. म्हणून तो सोपा मार्ग धरतो. बंद सभागृह असूनही दहा वाजता कार्यक्रम संपवितो, आणि मग संध्याकाळचे गणित सुरू होते. पाच वृंद, प्रत्येकास चाळीस मिनिटे, म्हणजे दोनशे मिनिटे झाली. दोन वृंदांमध्ये तारा, तबकड्या, यंत्रे बदलण्यास पंधरा मिनिटे, अशी चार मध्यंतरे मिळून साठ. एकूण चार तास वीस मिनिटे. दहाच्या आत आटोपावयाचे तर साडेपाचला पहिली काठी ढोलावर पडली पाहिजे. म्हणूनच ढोलांचा संच सर्वांना मिळून एक ठेवतात, प्रत्येक ढोलिया आपल्या झांजा तेवढ्या बरोबर आणतो. कामाच्या दिवशी साडेपाचला बंगळूरचा तरुण कार्यालयात असतो, आणि साडेसहाला रस्त्यातल्या वाहनांच्या रांगेत.

पहिला वृंद हा नेहमी सर्वांत नवा. नाणावलेला वृंद शेवटी वाजवितो, जशी मैफलीत बुजुर्गाची जागा शेवटची. तेव्हा सहा महिने तालीम केलेली, पहिल्यांदाच मंचावर चढणारी मुले अर्ध्या रिकाम्या खोलीपुढे वाजवितात. समोर असतात इतर चार वृंदांतले वादक, ध्वनियंत्रणेवरचा माणूस आणि कोणाची तरी बहीण. यंत्रणा लावण्यात अर्धा तास उशीर झाला तर तो अर्धा तास बहुधा याच मुलांच्या चाळीस मिनिटांतून कापला जातो. परदेशातून आलेल्या पाहुण्याचा वेळ कोणी कापीत नाही. पूर्वी रात्र लांब होती तेव्हा नवख्यांना सातला सुरुवात करून भरल्या खोलीपुढे वाजविता येई, चुकता येई आणि चुकीवर शिट्ट्या खाता येत. सवाई गंधर्वांच्या मंडपात रात्रीच्या आरंभी गाणाऱ्या तरुण गायकालाही तेच मिळत असे.

साडेआठपर्यंत खोली भरते. मग मंचापुढे मधोमध एक वर्तुळ रिकामे होते आणि त्यात मुले एकमेकांना खांद्याने ढकलीत फिरतात. पाहणाऱ्यास ती मारामारी वाटते, पण कोणी पडला की चार हात त्याला लगेच उचलतात, हा तेथला अलिखित नियम आहे. पावणेदहाला शेवटच्या वृंदाचे शेवटचे गाणे सुरू होते. सभागृहाचा व्यवस्थापक दाराशी मनगटावरचे घड्याळ पाहत उभा असतो, कारण परवाना त्याच्या नावावर आहे. दहाला दोन मिनिटे असताना तो ध्वनियंत्रणेवरच्या माणसाला हाताने खूण करतो. दिवे लागतात. तारा गुंडाळल्या जातात, झांजा पिशव्यांत जातात, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे एकमेकांशी मोठ्याने बोलणारी मुले मेट्रोच्या स्थानकाकडे चालू लागतात. संध्याकाळी साडेपाचला वाजविलेले चौघे त्यांत असतात. पुढच्या महिन्याची तारीख कोणत्या सभागृहात मिळेल, हे ते विचारीत असतात.